नानांच्या नावाची मूठ

माझ्या पाटीवर ‘समुपदेशन व संमोहन उपचार’ असं लिहिलेलं आहे. त्यातला पहिला शब्द धुळ्यात कोणी वाचत नाही आणि दुसऱ्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने लावलेला आहे. “सर, सुनेला झोपवा आणि फोनवर कोणाशी बोलते ते काढून द्या.” “सर, गड्याला झोपवा, विहिरीवरची वायर कोणी कापली ते विचारा.” एकदा साक्रीकडचे एक गृहस्थ हरवलेल्या म्हशीसाठी गुराख्यालाच धरून घेऊन आले होते. मी सगळ्यांवर ओरडतो. संमोहन म्हणजे भगताच्या अंगात येणं नव्हे, पोलिसांचा हिसका तर नव्हेच, हे भाषण माझं पाठ आहे. भाषण संपलं की माझ्याकडे कामाला असलेल्या झुंबरबाई लोकांना पाणी देतात आणि मला ऐकू जाईल अशा बेताने अहिराणीत म्हणतात, “सर लोकेसले शांत ऱ्हावाले शिकाडतस.”

आणखी एक. माझ्याकडे एकटं कोणी येत नाही. आमच्याकडे माणूस दात काढायला गेला तरी सोबत तिघं असतात, मनाचं काही असेल तर मग गाडी भरून येतात. म्हणून आषाढातल्या एका सकाळी झुंबरबाई आत येऊन “सर, हाऊ बाबा एकलाच ऊना शे” म्हणाल्या, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

सत्तरी ओलांडलेला माणूस होता. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, पायात जुने पण पॉलिश केलेले बूट. भुसावळहून पहाटेची एसटी धरून आले होते. दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी झाली, आता निवृत्त, सुकदेव नाव, सगळे नाना म्हणतात, एवढं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. मग खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “बठ्ठा सांगतस, तुम्ही मानूसले झोपाडीसन खरं काढतस. माले झोपाडा. अन् इचारा, त्या दिवशे तू इहिरजोडे व्हता का नही.”

कुठल्याशा विहिरीजवळ ते होते की नाही, हे मी झोपवून काढायचं होतं. मी भाषणासाठी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, “मनी पुतनी दिपमाला आठेच ऊनथी. याच खुर्चीवर बसनी व्हती.”

मी वही पुढे ओढली.

इथे एक सांगून ठेवतो. ह्या गोष्टीतली नावं बदललेली आहेत, गावाचं नाव मी सांगणार नाही, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांना दाखवल्याशिवाय मी ती कोणाच्या हातात दिलेली नाही. एवढी अक्कल मला आता आलेली आहे. नऊ वर्षांपूर्वी नव्हती.

नाना सांगत होते आणि मी वहीवर उगाच रेघा ओढत होतो. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, नवल, पाच वर्षांचा, मळ्यातल्या विहिरीत बुडून गेला. त्याला सांभाळायला सोबत होती त्याची बहीण दिपमाला. ती सात वर्षांची. नाना त्या दिवशी सुटी संपवून दीपनगरला परत निघाले होते. गावातून एसटीच्या फाट्याकडे जाणारी वाट त्या विहिरीवरूनच जाते. “मी गयू तवय तठे कोनीच नव्हतं,” नाना म्हणाले. “मी फाटावर चिंचखाले बसेल व्हतू. यष्टीनी वाट देखत व्हतू.” बातमी त्यांना रात्री दीपनगरच्या कॉलनीत कळली, आणि फाट्याचं हे ते तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले होते.

पुढची वीस-एकवीस वर्षं ह्या घरात काही बिनसलं नाही. उलट दिपमाला अकरावी-बारावीला दीपनगरला नानांच्या क्वार्टरमध्येच राहून शिकली. मग तिचं लग्न झालं, जळगावला गेली, शिक्षिका झाली. आणि नऊ वर्षांपूर्वी ती धुळ्याला एका ‘संमोहनवाल्या सरां’कडे गेली आणि झोपेत बोलली की नाना विहिरीच्या काठावर उभे होते. त्यांनी पाहिलं आणि ते निघून गेले.

“भाऊ काही बोलना नही,” नाना म्हणाले. “वहिनीनी बोलनं सोडं. तवयपासून मना नावना गहू लेत नही.”

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी हे थोडं उलगडायला हवं. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घेतात, एकत्र दळतात, आणि ते रोट फक्त घरच्यांनी खायचे असतात. माणूस पुण्याला असो नाहीतर दुबईला, त्याच्या नावाची मूठ सुपात पडते. ती पडली नाही तर तो माणूस त्या घरचा नाही. कोर्टात जावं लागत नाही, भांडावं लागत नाही. यशोदाबाईंनी, म्हणजे दिपमालाच्या आईने, दिराला नऊ वर्षं असं काढून टाकलेलं होतं.

“पण नाना, तुम्ही नव्हता ना तिथं? तुम्हाला माहीत आहे ना?” मी विचारलं.

त्यांनी टोपी मांडीवर फिरवली. “आठ वरीस माहीत व्हतं,” ते म्हणाले. “पन ह्या चैतपासून डोया मिटा का काठ दिखस. पोऱ्याना हात दिखस पानीमा. आते मालेच समजत नही, सर. मी व्हतू का काय?”

हे ऐकून मला जे वाटलं त्याला भीती म्हणतात. एका माणसाला घराने आठ-नऊ वर्षं सांगितलं, तू तिथे होतास, आणि आता तो स्वतःच स्वतःला तिथे उभा पाहायला लागला होता. आणि त्याला खात्री हवी होती ती माझ्याकडून, ज्याने हे सगळं सुरू केलं त्याच्याकडून.

मी त्यांना म्हटलं, मी तुम्हाला झोपवणार नाही. संमोहनात माणूस जे बोलतो ते खरंच असतं असं नाही. मनात जे घर करून बसलंय तेच बहुतेक वेळा वर येतं, भीती असेल तर भीतीच चित्र होऊन दिसते. तुमच्या डोळ्यांपुढे आज काठ आहे, तर झोपेतही काठच दिसेल आणि तुम्ही पक्के अडकाल.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तिना झोपमा निंघनं ते खरं,” ते म्हणाले, “अन् मना झोपमा निंघी ते खोटं? आसं कसं, सर?”

ह्याचं उत्तर माझ्यापाशी होतं आणि मला ते देता येत नव्हतं. दिपमाला माझ्याकडे आली होती हेसुद्धा मी तोंडाने कबूल करू शकत नव्हतो. माणूस माझ्या खुर्चीत बसून जे बोलतो ते त्याचं असतं, त्याच्या काकाचंही नाही. मी नानांना आठ दिवसांनी या म्हणालो. असा वेळ पूर्वी मी फक्त उधारीवाल्याकडेच मागितला असेन.

दुपारी दार लावून मी जुनी फाइल काढली. त्या काळी मी बैठकीचं ध्वनिमुद्रण करून ठेवायचो, पेशंटची सही घेऊन. सहीच्या बाबतीत मी पहिल्यापासून फार काटेकोर होतो, बाकीच्या बाबतीत नव्हतो. नाशिकला तीन शनिवार-रविवारचा कोर्स केलेला, भिंतीवर प्रमाणपत्र ताजं, आणि बायकोला रोज सांगायचो की लोक झोपेत काय काय बोलतात. हेही करायला नको होतं. नावं सांगत नसे, म्हणून मी स्वतःला फार सभ्य समजत असे.

दिपमाला आली होती ती पाण्याच्या भीतीसाठी. मूल झालं होतं आणि त्याला अंघोळ घालायला तिचे हात थरथरायचे. सोबत आई होती. तरुण बाई, पुरुष उपचार करणारा, दार लोटलेलं, गावात काय बोलतील, म्हणून आईला आत बसवलं. ते बरोबरच होतं. पण आईला काय सांगायचं, आत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही आणि झोपेतलं बोलणं पुरावा नसतं, ह्यातलं मी काही सांगितलं नव्हतं. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, झालं.

मी मुद्रण लावलं. आधी माझा आवाज, मुद्दाम खोल केलेला. मग तिचा, हळू: वाट, काट्याची कुंपणं, नवलची चड्डी, त्याच्या हातातली चिंचेची डहाळी. ती थांबली. इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “विहिरीच्या काठावर कोण उभं आहे?”

तिने कोणी उभं आहे असं म्हटलेलंच नव्हतं.

ती काही बोलली नाही. मी पुन्हा म्हणालो, “नीट पाहा. कोणीतरी मोठं माणूस आहे. ओळखीचं आहे का?” बराच वेळ पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, “नाना.” मागे बांगड्या वाजल्या आणि यशोदाबाई म्हणाल्या, “ओ माय वं!” त्यानंतर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “छान.”

ते ‘छान’ मी चार वेळा ऐकलं. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं आयुष्यात मला फार वेळा वाटलेलं नाही. त्या दुपारी वाटलं. त्या दिवशी जाताना दिपमालाचा चेहरा हलका झाला होता, आठ दिवसांनी फोन आला होता की बाळाला अंघोळ घालते आहे, आणि मी ही केस माझ्या यशाच्या यादीत लिहून टाकली होती.

पुढचे दोन दिवस माझं डोकं जागेवर नव्हतं. झुंबरबाईंवर दोनदा उगाच खेकसलो. नानांना सांगावं तर दिपमालाचा विश्वास मोडतो. न सांगावं तर म्हातारा हळूहळू स्वतःला गुन्हेगार समजत मरतो. आणि खरं सांगायचं तर ह्या दोन्हींच्या खाली तिसरी भीती होती: धुळ्यात बातमी फुटली तर माझ्याकडे म्हशीसाठीसुद्धा कोणी येणार नाही. ही तिसरी भीती ओळखल्यावर बाकीचं जरा सोपं झालं. दिपमाला जे बोलली ते तिचं. मी जे विचारलं ते माझं. आणि माझी चूक आधी जिच्या बाबतीत झाली तिला सांगायची, मग ठरवायचं.

मी तिला फोन केला. फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय म्हणायचं हेही आधी ठरवून ठेवलं होतं. तिनेच उचलला. म्हटलं, “तुमच्याबरोबर काम करताना माझ्याकडून एक चूक झाली होती. ती तुम्हाला सांगणं माझं काम आहे. ऐकायची की नाही, ते तुम्ही ठरवा.”

पलीकडून शाळेची घंटा आणि पोरांचा गलका ऐकू आला. “शनिवारी सकाळची शाळा असते,” ती म्हणाली. “दुपारी येते. आईला आणू?”

“ह्या वेळी आधी तुम्ही एकट्या या,” मी म्हटलं. “दार उघडं ठेवू, झुंबरबाई बाहेर बसतील.”

शनिवारी ती आली. सदतिशीची, चष्म्याची, खांद्याला शाळेची पिशवी. मी काही प्रस्तावना केली नाही. म्हटलं, मी तुम्हाला असा प्रश्न विचारला होता ज्यात उत्तर आधीच कोंबलेलं होतं. माणूस उभा आहे हे मी म्हणालो, तुम्ही नाही. हवं असेल तर ऐका, नको असेल तर ऐकू नका. ती म्हणाली, लावा.

ऐकताना तिने पिशवीचा पट्टा घट्ट धरला होता. ‘छान’ आलं तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

“म्हणजे नाना नव्हते?” तिने विचारलं.

“ते मला माहीत नाही. ह्या मुद्रणावरून कोणालाच कळणार नाही. एवढंच कळतं की त्यांना तिथे उभं करण्यात माझा हात होता.”

“पण मला दिसतात ते, सर. निळा शर्ट. हातात डबा.”

“शर्ट ह्यात नाही,” मी म्हटलं. “डबाही नाही.”

तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि जे बोलली त्याची मी तयारी केलेली नव्हती. “माझी भीती त्या दिवशी गेली, माहीत आहे तुम्हाला? का गेली तेही माहीत आहे? नवलला मी सांभाळायला होते. ‘त्याचा हात सोडू नको’ असं आईने मला सांगितलं होतं. मी सोडला, चिंचा वेचायला. एकवीस वर्षं ते माझ्यावर होतं. तुम्ही नानांना तिथे उभं केलंत आणि मी ते उचलून त्यांच्यावर ठेवलं. आता तुम्ही म्हणता नाना नव्हते. मग काठावर राहिलं कोण? मीच ना?”

मला वाटलं होतं मी एका माणसाचं नुकसान केलंय. खोलीत आता दोघांचं होतं.

“सात वर्षांची मुलगी होती तिथे,” मी म्हटलं. “तुमच्या वर्गात सात वर्षांची मुलं असतील. त्यांच्यातल्या कोणावर तुम्ही हे ठेवाल का?”

“हे असलं बोलून आता उपयोग नाही,” ती म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. इतक्या स्वस्तात सुटण्याचा मला हक्क नव्हता. मी तिला सांगितलं की ह्यापुढचं काम तिने करायचं असेल तर माझ्याकडे करू नये. जळगावला एक बाई आहेत, शांत, माझ्याहून जास्त शिकलेल्या, न बोलता बसू शकणाऱ्या. त्यांचं नाव आणि नंबर लिहून दिला. मग नानांचा विषय काढावा की नाही, ह्या विचारात मी असतानाच तिने विचारलं, “नाना आले होते का तुमच्याकडे?”

“कोण आलं आणि कोण नाही, ते मी कोणालाच सांगत नाही,” मी म्हटलं.

ती पहिल्यांदा थोडी हसली, कडवट. “नऊ वर्षांपूर्वी शिकला असतात हे, तर बरं झालं असतं.” मग उठली. “हे रेकॉर्डिंग माझं आहे ना?”

“तुमचंच.”

“मला द्या. आणि तुम्ही कोणाला काही सांगायचं नाही. सांगायचं असेल तर मी सांगेन. नाही सांगितलं तर नाही.”

मी ते तिच्या फोनवर दिलं आणि तिच्यासमोर माझ्याकडचं पुसलं. ती गेल्यावर झुंबरबाई आत आल्या, कप उचलले आणि माझ्या तोंडाकडे बघून काही न बोलता बाहेर गेल्या. त्यांना न बोलता बाहेर जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

नाना ठरल्या दिवशी आले. तीच टोपी, तेच बूट. माझं तोंड बांधलेलं होतं. पण त्यांना रिकाम्या हाताने पाठवणंही जमणारं नव्हतं. म्हटलं, नाना, झोपवत नाही, नुसतं बसून बोलू. फाट्यावर काय काय होतं ते सांगा. ते सांगत गेले: चिंच, बंद असलेली पानटपरी, पत्र्यावरचं कडक ऊन, डांबर वितळलेलं. मी मधेच सहज म्हटलं, “आणि ते कुत्रं तुमच्याजवळच बसलं होतं ना? काळं होतं की तांबडं?”

नानांनी डोळे बारीक केले. “तांबडं,” ते म्हणाले. “तांबडं व्हतं. एक कान तुटेल व्हता त्याना.”

“नाना, माफ करा,” मी म्हटलं. “कुत्रं मी आत्ता घातलं. तुम्ही दोनदा फाट्याचं सांगितलंत, त्यात कुत्रं कधीच नव्हतं. मी विचारलं म्हणून आलं, आणि कान तर तुम्हीच तोडलात.”

ते म्हणाले, “मंग फाटा बी खोटा?”

“फाटा तुम्ही तीस वर्षं सांगत आलात, कोणी विचारायच्या आधीपासून. काठ आलाय ह्या चैत्रात, आठ वर्षं लोकांनी तुम्हाला तिथे उभं केल्यावर. पुरावा माझ्याकडे नाही. पण आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, एवढं तरी धरून ठेवता येतं.”

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते विचारणार हे मला माहीत होतं. “दिपमालाना डोकामा बी कुत्रं तुम्हीनच घाली दिन्हं का?”

“दुसऱ्या माणसाबद्दल मला बोलता येत नाही, नाना. होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.”

“अन् तुमनाबद्दल?”

“माझ्याबद्दल बोलतो,” मी म्हटलं. “पूर्वी मी प्रश्न असे विचारायचो की उत्तर त्यातच असायचं. ते चुकीचं होतं. त्याने कोणाचं काय झालं असेल त्या सगळ्यांची मी माफी मागतो. तुमच्याकडेही मागतो.”

ह्यात मी रेघ ओलांडली की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. दिपमालाने नंतर हे वाचलं तेव्हा इथे बोट ठेवून थोडा वेळ थांबली आणि मग पुढे वाचू लागली.

नाना उठले. टोपी घातली, नीट केली. मला वाटलं शिव्या देतील, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. “भाऊना मयतले माले मांगे उभं ऱ्हानं पडनं, सर,” एवढंच म्हणाले. “बठ्ठासना मांगे.” दारापर्यंत गेले, झुंबरबाईंनी दिलेलं पाणी पूर्ण प्यायले आणि एसटी स्टँडकडे चालायला लागले.

त्यानंतर महिनाभर काहीच झालं नाही. श्रावण लागला. मी पाटी रंगवून घेतली. आता समोरच्या बाकावरच्या माणसांना मी आधी एक कागद वाचून दाखवतो: आत काय बोललं जाईल, बाहेर काय जाणार नाही, आणि झोपेतलं बोलणं साक्ष नसते. लोक कंटाळतात. आधी मी ओरडायचो त्यापेक्षा हे त्यांना जास्त जड जातं. फोन वाजला की मी दिपमालाचं नाव आहे का ते बघायचो. तिला फोन करायचा मला हक्क नव्हता.

नागपंचमी झाली. कानबाईच्या आधीचा गुरुवार होता. दुपारी जेवून बसलो होतो आणि फोनवर तिच्याकडून एक मुद्रण आलं. वर-खाली एक शब्द लिहिलेला नाही, नुसतं मुद्रण. झुंबरबाई भांडी घासत होत्या, त्यांना नळ बंद करायला सांगितला.

आधी सूप जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग बांगड्या, आणि यशोदाबाईंचा आवाज, नऊ वर्षांनी जरा पिकलेला. त्या एकेक नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावामागे गहू पडत होते. “ईश्वर.” तो दिपमालाचा धाकटा भाऊ, नवलच्या मागून झालेला. “किरण. हितेंद्र.” ही त्याची मुलं. मग आवाज थांबला. घरातले पुरुष संपले होते.

तेवढ्यात दिपमाला बोलली. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता, सरळ, घाई नसलेला. “आई, अजून कोण?”

एवढंच. नाव घेतलं नाही. ‘कोणी राहिलं आहे का’ असंही म्हणाली नाही. विचारलं आणि गप्प बसली. मी त्या खोलीत नव्हतो, तरी तिचं गप्प बसणं मला ऐकू येत होतं, आणि मला कळलं की मला जे कधी जमलं नाही ते ती करते आहे. कितीतरी वेळ कोणीच बोललं नाही. कुठेतरी कोंबडं ओरडलं. बांगड्या एकदा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या.

“सुकदेव,” यशोदाबाई म्हणाल्या.

मग गहू पडले, आधी एक मूठ, मग वरची पाव.